टेस्टचा तीळ

इस्पितळात तिला सगळे फोटोबाई म्हणत. तिला नाव होतं, गळ्यातल्या ओळखपत्रावर ते छापलेलंही होतं, पण ते वाचण्याची तसदी कुणी घेत नसे. घरी हाक मारायला कुणी नव्हतं, त्यामुळे त्या नावाला तसं कामच उरलं नव्हतं.

त्वचा विभागाच्या अगदी टोकाला तिची खोली. खिडकीवर काळा पडदा, भिंतीला निळं कापड, जमिनीवर पावलं कुठे ठेवायची ते दाखवणाऱ्या दोन चिकटपट्ट्या. अंगावर तीळ, डाग, काळे ठिपके असलेली माणसं तिथे येत आणि लाजत लाजत गाऊन घालून उभी राहत. फोटोबाई आधी त्यांचे पुढून, मागून, बाजूंनी फोटो घेई. मग ज्या तिळाबद्दल शंका असेल त्यावर भिंगाचा छोटा कॅमेरा टेकवी. त्या भिंगाभोवती बारक्या दिव्यांचं कडं होतं. ते लागलं की मसुरीच्या दाण्याएवढा तीळ स्क्रीनवर ताटाएवढा होऊन बसे, आणि त्याच्या कडा, रंग, आतलं जाळं सगळं उघडं पडे.

बहुतेक तीळ गरीब बिचारे असतात. जन्मभर एका जागी बसतात, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. पण एखादा आतून फिरतो. त्याला मेलॅनोमा म्हणतात, तो कॅन्सर असतो, आणि सुरुवातीला तो इतका साळसूद दिसतो की भले भले फसतात. म्हणून गेल्या वर्षीचा फोटो आणि यंदाचा फोटो शेजारी शेजारी लावून बघायचे. वाढला का, कड वाकडी झाली का, रंग बदलला का. बदलला असेल तर कापून तपासायला पाठवायचा. वेळेवर कापला तर माणूस हसत घरी जातो. उशीर झाला तर तो शरीरात कुठे कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही.

फोटोबाईला हे तोंडपाठ होतं. येणाऱ्या प्रत्येकाला ती बजावून सांगे, "रोज आरशापुढे उभं राहून तीळ बघत बसू नका. रोज बघितलेलं काही दिसत नाही. महिन्यातून एकदा बघा, नीट उजेडात बघा. आणि पाठ मात्र घरातल्या माणसाला बघायला सांगा."

हे शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज जरा घाईचा होई.

शेजारच्या खोलीत डॉक्टरबाई बसत. वयाने हिच्यापेक्षा बऱ्याच लहान, बोलायला मोकळ्या. प्रत्येक रुग्णाला त्या एक प्रश्न हमखास विचारत, "हा डाग पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आला?" डाग किती जुना ते त्यातून कळतं. मधलं दार उघडंच असे, आणि उत्तर ऐकायला फोटोबाईचे कान टवकारलेले असत. बायकोच्या. मुलीच्या. न्हाव्याच्या. एक चांगला टक्कल पडलेला गृहस्थ म्हणाला होता, "आईच्या. अजून डोकं तीच पुसते माझं." एका म्हातारीचा नवरा बायकोच्या आधीच बोलून गेला, "माझ्या, माझ्या! खांद्यावर नवीन पाहुणा आला तो मला कळणार नाही होय?" म्हातारी लाजून चूर झाली. डॉक्टरबाई हसल्या. फोटोबाईही पडद्याआड उभी राहून हसली आणि मग बसमध्ये खिडकीशी बसून घरी जाताना विचार करत राहिली की, आपल्याला कुणी हा प्रश्न विचारला तर आपण काय सांगणार आहोत.

एकटी होती ती. तिने कधी तोंडाने म्हटलं नाही, पण आपण तरी कशाला आडवळणाने सांगायचं? आई होती तोवर घरात दोन ताटं लागत. आईचं शेवटी शेवटी सगळं विसरणं झालं, माणसं विसरली, दिवस विसरली, पण आंघोळीच्या पाण्याची भीती काही विसरली नाही. पाण्याचा तांब्या दिसला की ती लेकीचा हात दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवी. ती गेली, आणि घरात एक ताट राहिलं. शेजारी चांगले होते. चांगले म्हणजे जिन्यात भेटले की हसत.

थोरली बहीण होती, लांबच्या गावी. तिचं घर कसं भरलेलं! नवरा, दोन मुलगे, सून, नातू, वर सासूबाई अजून ठणठणीत. ताई दर रविवारी फोन करी. "काय गं धाकटे, जेवलीस का?" "जेवले. तू?" "माझं कुठलं, सगळ्यांचं झाल्याशिवाय?" एवढं झालं की दोघींकडचं बोलणं संपत येई. पण फोटोबाई फोन ठेवायची घाई करत नसे. ताईच्या आवाजामागे भांडी वाजत, कुणीतरी कुणालातरी हाका मारी, नातू रडे, टीव्ही ओरडे. तो गलबला ती कान देऊन ऐके. ताईचा तिला हेवा वाटे, अगदी उघडा हेवा.

आता त्या तिळाचं. रोज सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी कॅमेऱ्याची चाचणी घ्यायची असते. दिवे नीट आहेत ना, रंग खरे येतात ना, हे बघायला यंत्राबरोबर रंगांच्या चौकटींचं एक कार्ड आलं होतं. ते खिडकीत राहिलं आणि उन्हाने त्याचे रंग उडाले. नवं मागवलं, ते काही आलं नाही. तेव्हाचे मोठे डॉक्टर म्हणाले, "अहो, ज्याचा रंग बदलत नाही असं काहीही घ्या ना." फोटोबाईने बाही वर केली. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या जरा खाली, तिचा एक तीळ होता. गोल, एकसारखा तपकिरी, कडा रेखीव. मोठे डॉक्टर भिंगातून बघून म्हणाले, "वा! पुस्तकात छापावा असा तीळ आहे."

तेव्हापासून तो टेस्टचा तीळ झाला. रोज सकाळी बाही वर, भिंग खाली, खटक. स्क्रीनवर तीळ नेहमीसारखा दिसला की यंत्र ठीक. फोटो 'टेस्ट' नावाच्या फोल्डरमध्ये आपोआप जाऊन पडे. ते फोल्डर कुणाच्या नावाचं नव्हतं, म्हणून यंत्र त्यातले फोटो एकमेकांशी ताडून बघत नसे. मोठे डॉक्टर निवृत्त झाले, डॉक्टरबाई आल्या, कार्डाची आठवण कुणालाच राहिली नाही.

आणि एका सकाळी फोटोबाईला तीळ जरा काळपट वाटला.

तिने भिंग पुसलं. पुन्हा फोटो काढला. एका कडेला निळसर झाक येत होती. ती वैतागली. "गेला वाटतं दिवा त्या बाजूचा," ती स्वतःशीच म्हणाली. कड्यातला एखादा दिवा मंदावला की रंग असा बिघडतो, हे तिला ठाऊक होतं. रुग्ण बाहेर खोळंबले होते. तिने यंत्रातल्या रंगांच्या मापात थोडा फेरफार केला, स्क्रीनवर तीळ पुन्हा नेहमीसारखा तपकिरी झाला, आणि काम सुरू झालं. काही दिवसांनी परत तेच. परत थोडा फेरफार. दुसऱ्या कुणाच्या हातावर असा तीळ दिसता तर तिने त्याला खुर्चीत बसवून आधी डॉक्टरबाईंना हाक मारली असती. स्वतःच्या हातावर दिसला तर तिने दिव्याला शिव्या घातल्या.

शेवटी डॉक्टरबाईच मधल्या दारातून म्हणाल्या, "फोटोबाई, हल्ली तुमच्या खोलीत सगळी माणसं उजळ होऊन यायला लागलीत. आणि त्यांचे तीळ फिके. यंत्र बघून घ्या बरं."

"दिवा गेलाय मॅडम. बोलावते दिवेवाल्याला."

दिवेवाला म्हणजे इस्पितळाचा दुरुस्तीवाला. ऑपरेशनच्या मोठ्या दिव्यापासून जिन्यातल्या ट्यूबपर्यंत सगळं त्याच्या अंगावर. तोंडाने फटकळ. आल्या आल्या त्याने पिशवी टेबलावर आदळली. "बाई, मागच्या वर्षीच नवे दिवे घातलेत मी. माझे दिवे असे मरत नाहीत."

"मेलाय म्हणजे मेलाय. तुमचाच लाडका असला म्हणून काय झालं?"

त्याने कडं सोडवलं, एकेक दिवा मापकाने तपासला, मान हलवली. मग पिशवीतून स्वतःचं एक कार्ड काढलं, रंगांच्या चौकटींचं. भिंगाखाली धरलं आणि स्क्रीनकडे बघून ओरडला, "अहो, रंगांची मापं कुणी पिळलीत ही? दिवा सरळ आहे, मापं वाकडी केलीत!" त्याने सगळी मापं मूळच्या जागी आणली. कार्डाच्या चौकटी स्क्रीनवर जशाच्या तशा उमटल्या.

"आता बघा तुमचं काय ते," तो म्हणाला.

फोटोबाईने बाही वर केली, भिंग टेकवलं. स्क्रीनवर तीळ आला. काळा. एका बाजूने निळा, दुसऱ्या बाजूने कड फाटल्यासारखी बाहेर पसरलेली.

"बघा! म्हटलं नव्हतं मी? अजून बिघडलेलंच आहे."

दिवेवाल्याने आपलं कार्ड पुन्हा धरून पाहिलं. मग तिच्या हाताकडे पाहिलं, कितीतरी वेळ. त्याचा आवाज एकदम खाली आला. "बाई, दिवा बरोबर आहे. कार्ड बरोबर आहे. आता उरलं काय?"

फोटोबाईने बाही खाली केली आणि कफाचं बटण लावलं. "ठीक आहे," ती म्हणाली, "बघते मी." तो पिशवी आवरून गेला.

तिने डॉक्टरबाईंना फक्त रंगांच्या मापांबद्दल सांगितलं. त्या काळात आलेल्या सगळ्यांना पुन्हा बोलवायचं ठरलं. फोटोबाईने एकेकाला स्वतः फोन केले, माफी मागितली, पुन्हा फोटो घेतले. कुणाचं काही निघालं नाही, देवाची कृपा. हे सगळं करताना तिने लांब बाहीचे कपडे घातले होते, आणि दुसऱ्यांना घाई करायला सांगणारी ही बाई स्वतःच्या हाताबद्दल गप्प होती. भीती मरणाची होतीच. पण त्याहून जास्त भीती डॉक्टरबाई विचारतील त्या दोन प्रश्नांची होती. कुणाच्या लक्षात आलं? आणि, सोबत कोण आहे?

शनिवारी दुपारी विभाग बंद झाला, सगळे गेले, तेव्हा ती खोलीत थांबली. तिने टेस्टचं फोल्डर अगदी पहिल्या फोटोपासून उघडलं.

एकच तीळ, एकच हात, सकाळमागून सकाळ. कुणी तिऱ्हाइताने पाहिलं असतं तर वेड्याचा उद्योग म्हटलं असतं. तीळ गोल होता, गोल होता, गोलच होता. मग कधीतरी, नेमका कधी ते सांगता येणार नाही, एका कडेने तो सैल व्हायला लागला. ती बघत गेली आणि तिळापेक्षा तिला हातच दिसायला लागला. कातडी आधी कशी घट्ट होती, मग बारीक सुरकुत्या आल्या. इतक्या वर्षांत तिने किती माणसांचे फोटो काढले, आणि तिचा स्वतःचा फोटो काढणारं कुणी नव्हतं. त्या वर्षांची तिची आठवण म्हणून जगात काही शिल्लक असेल तर ते हेच होतं, हाताचा एवढासा तुकडा.

मधल्या काही फोटोंत तिळाच्या बाजूने लाल ओरखडे होते. आधी तिला कळेचना. मग कळलं. नखं होती ती. आईची. आंघोळीच्या वेळी गच्च धरलेल्या हाताची. एक बरा होतोय तोवर दुसरा, असे कितीतरी फोटो. तेव्हा ती आईवर चिडायची, नखं कापायला बसली की आई ओरडायची. मग एका फोटोनंतर ओरखडे संपले. पुढच्या फोटोंत कातडी स्वच्छ होती, अगदी स्वच्छ, आणि शेवटपर्यंत तशीच. त्यानंतर त्या हाताला कुणी हातच लावला नव्हता. फोटोबाई तिथे बसून रडली. पडदा लावलेला होताच.

सोमवारी सकाळी दिवेवाला दारात उभा. "दिवा बघायला आलोय."

"दिव्याला काय झालंय?"

"काही नाही झालेलं." तो चपलेच्या टोकाकडे बघत म्हणाला, "दाखवलंत का?"

"दाखवीन."

"कधी? बाई, मला दिव्यांतलं कळतं, बाकी काही कळत नाही. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. आत्ता दाखवा. मी बाहेर बाकावर बसतो. तशी तिथली ट्यूब बदलायचीच आहे."

ती मधल्या दारातून आत गेली आणि बाही वर केली. डॉक्टरबाईंनी भिंग टेकवलं आणि त्यांचं हसू मावळलं. मग सवयीने, रोजच्यासारखं, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हा पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आला?"

"दिवेवाल्याच्या," फोटोबाई म्हणाली.

डॉक्टरबाईंना वाटलं थट्टा आहे. मग ती सगळं सांगत गेली, कार्ड, टेस्ट, मापं, आणि त्या ऐकत गेल्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "फोटोबाई, रोज बघत होतात ना तुम्ही?"

"रोज."

त्याच दिवशी तीळ कापला. बाहेर बाकावर दिवेवाला बसून होता, आणि त्याच्या डोक्यावरची ट्यूब पहिल्यापासूनच चांगली होती. पुढचा आठवडा कसा गेला ते फोटोबाईलाच ठाऊक. ती कामाला येत राहिली, लोकांना "घाबरू नका" सांगत राहिली, आणि दारात पाऊल वाजलं की दचकत राहिली. मग अहवाल आला. मेलॅनोमाच होता, पण पातळ, वरवरचा, खोल उतरायच्या आत पकडलेला. भोवतालची कातडी अजून थोडी कापली, टाके घातले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अजून एक वर्ष दिव्याला शिव्या घालत बसला असतात ना, तर मी अशी बोलत बसले नसते तुमच्याशी."

मग सगळ्या अंगाचे फोटो घ्यायचे होते, नियमच तसा. फोटोबाई गाऊन घालून निळ्या कापडापुढे त्या दोन चिकटपट्ट्यांवर उभी राहिली आणि डॉक्टरबाई कॅमेऱ्याच्या मागे धडपडत राहिल्या. "कुठलं बटण हो?" "ते नाही, त्याच्या खालचं." स्वतःची पाठ तिने जन्मात पहिल्यांदा पाहिली. रुंद, जरा वाकलेली, मोजके तीळ, सगळे गरीब. तिला ती दुसऱ्याच कुणाची वाटली. मशीनमध्ये तिच्या नावाचं फोल्डर उघडलं गेलं, आणि टेस्टचे सगळे फोटो त्यात गेले. नावाला बऱ्याच वर्षांनी काम मिळालं.

"आता दर महिन्याला पाठ कुणालातरी बघायला लावायची," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि अडखळल्या. "म्हणजे... सख्खं कुणी आहे ना? भावंडांनाही सांगावं लागेल. त्यांनीही तपासून घ्यायला हवं."

रविवारी ताईचा फोन आला. "काय गं धाकटे, जेवलीस का?"

फोटोबाईने या वेळी जेवणाचं सांगितलं नाही. तिळाचं सांगितलं, कापल्याचं सांगितलं, काही काळजीचं राहिलं नाही तेही सांगितलं. ताई आधी रडली, मग चिडली. "आणि मला आत्ता सांगतेस? मी काय मेले होते?"

"तुझ्या घरात एवढा व्याप, ताई. बरं, ते राहू दे. तुला तपासून घ्यायला हवं. सख्ख्या बहिणींत होऊ शकतं. आधी पाठ बघून घे कुणाकडून. काळा, वाकडातिकडा, नवा असा काही डाग आहे का. घरात एवढी माणसं आहेत, कुणालाही सांग."

पलीकडे भांडी वाजत होती. नातू कशासाठी तरी हट्ट करत होता, टीव्हीवर कुणीतरी मोठ्याने हसत होतं. त्या सगळ्या गलबल्यात ताई गप्प होती.

"ताई?"

"कुणाला सांगू गं?" ताई हळूच म्हणाली, कुणी ऐकू नये अशी. "तुझे भावोजी वेगळ्या खोलीत झोपतात, त्याला किती वर्षं झाली. सुनेला कशी सांगू, माझी पाठ बघ म्हणून? लहानपणी तू पाणी घालून चोळून द्यायचीस ना, त्यानंतर कुणी पाहिलेली नाही माझी पाठ."

फोटोबाई भिंतीला टेकली. हाताचे टाके ठणकत होते. इतकी वर्षं दर रविवारी जो गलबला ती हावऱ्यासारखा ऐकत आली होती, तो अजून चालूच होता.

"तू ये इकडे," ती म्हणाली. "मी बघते."

"आणि तुझी?"

"माझी तू बघ."

"चष्मा लागतो मला आता जवळचं बघायला."

"मग चष्मा घेऊन ये."

"हं," ताई म्हणाली. बोलणं संपलं होतं, पण फोन कुणीच ठेवला नाही.